दाजींच्या गिटारीचा इसार

नांदेड, बुधवार

श्रीयुत संगमेश्वर दाजी यांस,

शरणु शरणार्थी. हा नमस्कार पूर्वीसारखाच साष्टांग समजावा; गुडघ्यांमुळे तो आता फक्त कागदावर घालता येतो. तुमची पाठ, दुकानाची उलाढाल आणि गोदामातली मांजर या तिघांचंही क्षेम असेल अशी आशा करतो. आमच्याकडे ठीक. यंदा माझ्या संस्कृतच्या वर्गात अकरा जण आहेत. त्यांतले नऊ गुणांसाठी आले, एक वडिलांच्या भीतीने आला आणि एक मुलगी खोली चुकून आली. तीच सगळ्यांत हुशार आहे. पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. तुमचा फोन घरात सगळ्यांच्या हाती फिरतो, पण हाताने लिहिलेला कागद आजकाल कुणी उघडून बघत नाही. गुपित ठेवायला पाकिटाइतकी निवांत जागा आता उरलेली नाही.

विषय तुमच्या गिटारीचा. संक्रांतीला तुम्ही मला गोदामात सरकी पेंडीच्या थप्पीमागे नेऊन जे सांगितलंत, ते मी कुणापाशी बोललो नाही (हे वाक्य लिहिताना हात जरा थांबला, पण असो). एकोणिसाव्या वर्षापासून तुम्हाला गिटार वाजवायची होती. तेव्हा गुरुपादप्पा म्हणाले, वाजवायचंच असंल तर सकाळी साडेआठला दुकानाचं शटर वाजव. वडिलांचा शब्द म्हणून ते तुम्ही तीस वर्षं एक दिवस न चुकता वाजवलंत. येत्या श्रावणात पन्नास पूर्ण होतायत, तेव्हा आता नाही तर कधी, हे मलाही पटलं. लातुरात नवी घ्यावी तर प्रत्येक दुकानदार ओळखीचा, संध्याकाळच्या आत मोंढ्याच्या बाजारात चर्चा. म्हणून नांदेडात, फोनवरच्या बाजारातून, कुणाची तरी वापरलेली, चार हजारांच्या आतली घ्यावी असं ठरलं. आणि खरी भीती, जी तुम्ही माझ्याकडे न बघता पोत्याकडे बघत सांगितलीत, ती अशी की रुद्राणी हसेल. ती माझी सख्खी धाकटी बहीण. तिच्या हसण्याचा अनुभव मला तुमच्यापेक्षा वीस-बावीस वर्षं जास्त आहे, म्हणून मी वाद घातला नाही.

त्या बाजाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दोन महिने का लागले याचा खुलासा तुम्ही मनात मागत असणारच. न्यायशास्त्रात प्रमाणं चार सांगितली आहेत. या बाजाराने पाचवं काढलंय, ते म्हणजे फोटो. फोटोत प्रत्येक गिटार अंगाला तेल लावून बसल्यासारखी दिसते. खाली लिहिलेलं असतं, ‘कंडिशन एक नंबर, फक्त दोनदा वाजवली’. (दोनदा वाजवून माणसं का थांबतात, हा विचार तेव्हाच करायला हवा होता.) मी पहिल्या विक्रेत्याला रीतसर लिहिलं, ‘महोदय, आपली गिटार विक्रीस उपलब्ध असल्याचे समजले, तरी तिच्या प्रकृतीविषयी सविस्तर कळवावे.’ त्याने मला ब्लॉक केलं. नंतर विद्यार्थ्याकडून कळलं की असं मराठी त्याला थेट कोर्टातून आल्यासारखं वाटलं असणार. म्हणून मग मी स्वतःच एक जाहिरात टाकली, ‘गिटार पाहिजे, चार हजारांपर्यंत’. टाकताना कुठलंसं बटण चुकलं आणि ती ‘विकणे आहे’ या रकान्यात जाऊन बसली. पुढचे चार दिवस माझ्याकडची गिटार घ्यायला माणसं येत होती. नाही म्हटलं तरी त्यांना तो भाव वाढवायचा डाव वाटे. एकजण तर तरोड्याहून घरी आला, चहा प्यायला, आणि निघताना म्हणाला, “सर, तीन करा, आत्ता घेऊन जातो.” जी गिटार माझ्याकडे नव्हती, ती माझ्या डोळ्यांदेखत चारवरून तीन हजारांवर आली. मला मनातून थोडं वाईटच वाटलं.

शेवटी हिमायतनगरची एक जाहिरात सापडली. टाकणारा सत्यम नावाचा मुलगा, पुण्यात नोकरीला. गिटार गावाकडे आईवडिलांपाशी, किंमत साडेतीन हजार. त्याने लिहिलं, ‘खोलीवर जागा नाही, वाजवायला वेळ नाही. घरी जाऊन बघा, पैसे द्या, घेऊन जा.’ इतकं स्वच्छ गद्य त्या बाजारात मी प्रथमच वाचलं. गेल्या रविवारी भोकरमार्गे एसटीने गेलो. पण सत्यमने एक गोष्ट मला सांगितली नव्हती, बहुधा त्यालाही सुचली नसावी. त्याचे वडील शेषेराव हे पंचक्रोशीतले बैल पारखणारे आहेत. आयुष्यात त्यांनी विकले ते बैल. पोराने गिटार विक म्हटल्यावर त्यांनी ती, त्यांना ठाऊक असलेल्या एकमेव पद्धतीने, विकायला काढली.

ओसरीवर पोतं अंथरून गिटार ठेवली होती. तिला सकाळीच पुसलेलं दिसत होतं. आत डोकावलो तर पोटात कडुनिंबाचा वाळलेला पाला. सत्यमच्या आईने, सिंधुबाईंनी, ज्वारीच्या कणगीत घालतात तसा घातलेला. “भुंगा लागत न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि खरंच लागला नव्हता. शेषेरावांनी आधी खोडी सांगितल्या. खोड लपवून विकलेलं पचत नाही असा त्यांचा दंडक. “मास्तर, तिसरी तार उन्हाळ्यात ढिली पडती. मानंला जरा बाक हाय, पण कामात अडत न्हाई. अन् अनोळखी मानसानं हात लावला का बोंबलती. चालवून बघा की, बैल बी चार पावलं चालवूनच घेतेत.” मी एक तार ओढली. ती बोंबलली. शेषेराव समाधानाने म्हणाले, “बगा, म्हनलं नव्हतं?”

आता भाव. तो जाहिरातीत ठळक छापलेला होता, म्हणून मी पाकीट काढलं. शेषेराव दुखावल्यासारखे झाले. “भाव तोंडानं बोलत नसतेत,” म्हणाले, आणि खांद्यावरचा रुमाल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. रुमालाखाली त्यांनी माझी तीन बोटं धरली, मग चौथं अर्धं. दाजी, तुम्ही मोंढ्यात वाढलात, तुम्हाला ही बोटांनी भाव करायची भाषा जन्मतः कळते. मला वाटलं, वयस्कर मनुष्य आहे, प्रेमाने हात धरतोय. मीही संस्कारानुसार त्यांचा अख्खा पंजा घट्ट दाबला. शेषेराव एकदम गंभीर झाले, रुमालाखालून हात काढला आणि बायकोला म्हणाले, “मास्तरनं पाच केले.” त्या बाजारात मागितल्यापेक्षा दीड हजार जास्त देऊ करणारं मी पहिलंच गिऱ्हाईक असेन. सिंधुबाईंनी पदराला हात पुसत निकाल दिला, “चुकून दाबला असंल त्येनं. पुस्तकातला मानूस, त्येला बोटं कुठली कळायला. साडेतीनच घ्या.” अपमान आणि उपकार एकाच वाक्यात बसवणं हे आमच्या भल्याभल्या टीकाकारांना जमलेलं नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. सिंधुबाईंनी गिटारीला हळदकुंकू लावलं, तिच्यासमोर भाकरीचा तुकडा ठेवून उचलला, आणि गळ्यात अडकवायचा पट्टा सोडून घेऊन खुंटीला टांगला. मी विचारलं, तर म्हणाल्या, “दावं देत नसतेत. जनावर जातंय, दावं घरी राहतंय.” मी मान डोलावली (पट्टा नवा घ्यावा लागेल, नोंद असावी). मग त्यांनी सहज विचारलं, गिटार बांधणार कुठं. मी खोटं बोलायला तयार नव्हतो, आणि तुम्ही मला खोटं नीट पढवलंही नव्हतंत. मी सांगितलं, घ्यायची माझ्यासाठी नाही, लातूरच्या दाजींसाठी. त्यांचं पेंडीचं दुकान आहे, गोदामात ठेवतील. पेंड म्हटल्यावर शेषेरावांच्या चेहऱ्यावर तुमच्याबद्दल आदर उमटला, तो मी पाहिला. पण बाईंनी प्रश्न सोडला नाही. गोदामात का, घरात का नाही? घरी माहीत नाही, मी म्हणालो. कुणाला माहीत नाही? मी म्हणालो, बायकोला.

सिंधुबाईंनी पट्टा खुंटीवरून काढून परत गिटारीला लावला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “घरच्या बाईला ठाव न्हाई त्या घरी आमी जनावर देत न्हाई. धनी घेऊन येतेत, चारापानी तिला बघावं लागतंय. तिनं तोंड वाकडं केलं का जनावर दोन महिन्यांत खंगतंय.” मी म्हणालो, ही गिटार आहे, हिला चारा लागत नाही. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी अकरावीच्या उत्तरपत्रिका पाहतो. “माझं पोरगं हिच्यासाठी दोन दिवस जेवलं नव्हतं, मास्तर,” त्या म्हणाल्या. “घेतल्यावर तीन वरसं रोज वाजवून राहिलं इथं, ह्याच ओसरीवर. मी भाकरी थापता थापता आयकायची. आता तिकडं येळ न्हाई त्येला. पोतं टाकून लपवायची असंल तर इथं काय वाईट हाय?” शेषेराव जमिनीकडे बघत बसले. या बाबतीत घरात शेवटचा शब्द कुणाचा, ते मला कळलं.

तुमचा विचार मनात आला. थप्पीमागे, हळू आवाजात, मांजरीला ऐकवत वाजवणारे तुम्ही. दाजी, ते काही खरं नाही. तेव्हा सध्याची स्थिती अशी. शेषेरावांनी पाचशे इसार म्हणून ठेवून घेतले आहेत, त्यामुळे गिटार दुसऱ्या कुणाला जाणार नाही. सत्यमला जाहिरात काढायला लावली आहे. त्याने पुण्याहून मला लिहिलं, ‘सर, सॉरी, घरचे जरा तसे आहेत.’ मी उत्तर दिलं की तसेच राहू देत. मुदत पुढच्या सोमवारपर्यंत. त्या आत तुम्ही रुद्राणीला स्वतः सांगावं, इतकीच विनंती. ती हसली तर हसू दे. हसणाऱ्या बायकोबरोबर चोवीस वर्षं संसार करून माणूस दगावल्याचं मी ऐकलेलं नाही.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मधल्यांनी आपापल्या सोयीने घ्यावं.

तुमचा,
मृत्युंजय

ता. क. ‘तुम्ही स्वतः सांगावं’ हे वर लिहिलं ते तत्त्व म्हणून बरोबर आहे, वेळेच्या दृष्टीने नाही. सिंधुबाईंनी तिथेच रुद्राणीचा नंबर मागितला आणि मी दिला. मला भूक लागली होती आणि त्यांनी ताट अजून वाढलं नव्हतं, याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही. त्या दोघी पाऊण तास बोलल्या. त्यातला निम्मा वेळ सोयाबीनवर गेला.

पुन्हा ता. क. रुद्राणी हसली नाही. संध्याकाळी तिने मला फोन केला आणि आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाली, “अण्णा, त्यांनी तुला सांगितलं. मला का न्हाई?” तिला हे कळल्याचं तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी तिची मला शपथ आहे, तुम्ही आपण होऊन सांगाल का, हे तिला बघायचंय. शपथ मी मोडली आहे. तेव्हा सांगताना तुम्ही अडखळावं, तिने आश्चर्य दाखवावं, आणि दोघांनीही एकमेकांचा अभिनय गोड मानून घ्यावा. सोमवारी हिमायतनगरला जोडीने जायचं आहे. गिटार तिच्याच हातात देणार, असं सिंधुबाईंनी ठरवलंय.

शेवटचं. फोन ठेवण्याआधी तिने एकच गोष्ट विचारली. गिटार वाजवणाऱ्याच्या शेजारी कुणी बसलं तर चालतं का, का ती एकट्यानेच वाजवायची असते. मी म्हणालो, विचारून सांगतो. उत्तर मला पाठवू नका, तिलाच द्या.