मॅकिनॉचा 'क'

शिकागो,
३० जानेवारी १९५६

चि. लेऑन यास अनेक आशीर्वाद.

चांगली बातमी आधी सांगते. पप्पांचा उजवा हात हलू लागलाय आणि सूप नीट पितात. पण डॉक्टर म्हणतात, पक्षाघाताच्या झटक्याने वाचण्यात दोष आलाय. कार्डावर शब्द लिहून वाचायला दिले होते. पाव, घोडा, होडी, सगळं वाचलं. मात्र जिथे तीस वर्षं प्रवाशांना हिंडवलं, त्या किल्ल्याच्या नावाचं शेवटचं अक्षर तिन्ही वेळा गाळलं. खात्रीसाठी डॉक्टरांनी ते कार्ड मला वाचायला लावलं. मी मॅकिनॅक असं स्पष्ट वाचलं. पप्पा माझ्याकडे बघतच राहिले, मग कार्ड भिरकावून दिलं. तेव्हापासून चकार शब्द नाही.

शुक्रवारी, दहा तारखेला, शेवटची तपासणी. तेव्हाही गप्प राहिले तर त्यांना कायमचं शुश्रूषागृहात ठेवायचं, असं ठरलंय. माझी सही हवी आहे. मला फार भीती वाटते. सगळ्यांना गोड पापा.

तुझी ताई,
आडेल

मॅकिनॅक बेट,
४ फेब्रुवारी

ती. आडेलताईस सा. न.

बर्फाने टेलिफोनची तार तुटलीय, नाहीतर ओरडूनच सांगितलं असतं. ताई, सही करू नकोस! पप्पांनी बरोबर वाचलं, चुकलीस तू! लिहिताना शेवटी 'क' असला तरी म्हणायचं मॅकिनॉ, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. वीस वर्षं शिकागोत काढून तू पार प्रवासी झालीस. घरातला नियमही विसरलीस? जो 'क' उच्चारेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. तूच सर्वांत जास्त घासलीस!

पोटच्या पोरीने परक्यादेखत खोटं पाडल्यावर माणूस बोलेल कशाला? मला तुझा रागच आलाय. तरी लोभ आहेच.

लेऑन

शिकागो,
११ फेब्रुवारी

चि. लेऑन यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल सकाळी हाती पडलं, तेव्हा सही केलेला कागद माझ्या पर्समध्ये होता. धावत वॉर्डात गेले. तपासणी सुरू झाली होती आणि पप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की असेलही तसं, पण पेशंट बोलायला तर हवा.

पप्पांची माफी मागितली, तरी वळले नाहीत. मग मी ते कार्ड उचललं आणि मुद्दाम, मोठ्याने, 'क'वर जोर देऊन वाचलं. पप्पा सावकाश वळले. जड जिभेने म्हणाले की आडेल, भांडी.

हे भ्रमात बोलतायत असं वाटून डॉक्टरांनी पेन उचललं. मला हसू आणि रडू एकदमच आलं, कसंबसं त्यांना समजावलं. मग त्यांनी कार्ड पुन्हा पुढे धरलं. पप्पांनी मॅकिनॉ म्हटलं, आणि घरी कधी सोडणार हेही विचारलं. कागद मी तिथेच फाडला.

वॉर्डातल्या एकोणीस कपबश्या काल मी घासल्या. पप्पा पलंगावरून मोजत होते. आम्हाला घ्यायला ये, आणि या ताईवर राग धरू नकोस.

तुझी,
आडेल