पर्लची अंडी

आदरणीय एल्रॉयमामा,

तुम्हाला आणि तुमच्या घरातल्या लहानथोर सापांना हार्लनचा नमस्कार. गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? (आज राहिली असेल तर आधी ती घ्या, मग व्हरांड्यात नीट बसून पुढचं वाचा. काळजीचं काही नाही. म्हणजे आहे, पण बसून वाचण्याइतकंच.)

गेल्या मंगळवारी सकाळी मी प्रार्थना केली, कॉफी घेतली आणि तुमच्या पर्लला पेटीबाहेर काढलं. नोव्हेंबरात तुम्ही तिला आमच्या नरासाठी, डीकनसाठी पाठवलंत, पिल्लं निम्मी-निम्मी वाटून घ्यायची ठरली, आणि पहिल्याच दुपारी दोघं अजगर एकमेकांना अशी वेटोळी घालून बसली की मी वहीत तारीख घालून ‘जमलं’ असं लिहिलं. मार्चपर्यंत असं अकरा वेळा लिहिलं. मेविस धुतलेले कपडे घेऊन तिथून जाताना एकदा थांबली. म्हणाली, “हार्लन, हे लग्न आहे की कुस्ती? तो तिची मान दाबतोय बघ.” मी म्हटलं, तुला सापांतलं कळत नाही. “सापांतलं नाही कळत,” ती म्हणाली, “पण माझे तीन भाऊ एका खोलीत वाढलेत.” मी दुर्लक्ष केलं. (लग्नाला सव्वीस वर्षं झाली. दुर्लक्ष करून माझा फायदा झाल्याचं एकही उदाहरण आठवत नाही.)

त्यानंतर मी जुन्या फ्रिजला दिवा आणि तापमापक लावून अंडी उबवायची पेटी केली. पर्लला दर आठवड्याला एक उंदीर जास्त देऊ लागलो आणि तिचं पोट वाढलं म्हणून देवाचे आभार मानू लागलो. उंदीर घालणारा मीच, आणि चमत्कार झाला म्हणणाराही मीच. गाभण मादी खाणं सोडते हे तुम्हीच मला शिकवलंत. पर्लने एकही उंदीर सोडला नाही. मी म्हटलं, एकेकीचा स्वभाव. इथवरही ठीक होतं. पण बुधवारच्या प्रार्थनासभेत आजाऱ्यांची नावं घेतात ना, त्यात मी पर्लच्या सुखरूप सुटकेची विनंती करून बसलो. एप्रिलपासून अख्खं चर्च तिच्यासाठी प्रार्थना करतंय. पाद्रीसाहेब पेट्रोल भरताना विचारतात, “मोकळी झाली का हो?” एका म्हातारीने तर, पर्ल ही माझी सून समजून, बाळाचं लोकरी टोपडं आणून दिलं. मला मुलगाच नाही, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही.

जुलै उजाडला तरी अंडी नाहीत. शेवटी त्या मंगळवारी, शेपटीच्या मुळाशी घालून नर-मादी ओळखायची आपली बारीक सळई मी उकळून घेतली, तेल लावलं आणि हळूच आत सरकवली. मादी असती तर सळई तीन खवल्यांइतकी आत जाऊन थांबली असती. ती नऊवर गेली. मी चष्मा पुसला. परत नऊ. मग साक्षीला मेविसला बोलावलं.

“किती?”

“नऊ.”

“मग अभिनंदन, मुलगा झाला. आता चर्चला काय सांगतोस?”

तर मामा, पर्ल नर आहे. प्रकृती उत्तम, मानेवर दोन ओरखडे होते ते भरलेत. चूक बहुधा माझीच, पाठवणीच्या दिवशी मीच एकदा पाहायला हवं होतं. मामींना नमस्कार.

तुमचा,
हार्लन

ता.क. : वर ‘चूक माझीच’ लिहिलं ते खोटं आहे, आणि ते तसंच ठेवून मला झोप लागणार नाही. पर्लला तपासून मादी ठरवलंत ते तुम्हीच. नर घाबरून आवळून धरतो, सळई अडते आणि तो मादी वाटतो. “अडली की थांब, बोटांनी ऐक, जोर करू नकोस,” हे तुम्ही मला एकोणिसाव्या वर्षी शिकवलंत. मामा, तुमच्या बोटांना हल्ली ऐकू येत नाही. गेल्या ऑगस्टच्या सापांच्या प्रदर्शनात तुम्ही सळई घातलीत आणि त्या बाईंच्या पिल्लाला रक्त आलं. “काही नाही, बाई, उद्या खेळेल,” असं तुम्ही म्हणालात. ते पिल्लू मी डॉक्टरकडे नेलं होतं. वाचलं, पण थोडक्यात. तुम्हाला सांगितलं नाही. यंदाही चाळीसेक लोक नर की मादी ते विचारायला आपापली पिल्लं घेऊन तुमच्या टेबलापुढे उभे राहतील, कारण एल्रॉय म्हणाला म्हणजे झालं. माझं एवढंच मागणं आहे: तुम्ही जनावर धरा, लोकांशी बोला, मला शिव्या घाला, पण सळई माझ्या हातात द्या.

ता.क. दुसरा : मेविस म्हणते, “मागतोस काय? तुझे मामा मागितलेलं कधी देतात का? जा आणि करून ये.” प्रदर्शनाच्या नोंदणीची मुदत काल संपत होती. मी जाऊन टेबल तुमच्याच नावाने घेतलं, आणि फॉर्मवर ‘तपासणी कोण करणार’ या ओळीत माझं नाव लिहून, सही करून आलो.