हळू घेतलेला चिमटा

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार, १२ फेब्रुवारी

ती. कालिंदीताईस,

नमस्कार, आणि त्यापुढचं नेहमीचं सगळं लिहिलंय असं समज.

एकाच गावात राहून पत्र लिहितोय म्हणून हसशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. छावणीत तुझ्याकडे दोनदा येऊन गेलो, तर दोन्ही वेळा तू चहा पुढे केलास आणि मी आमच्या केयूरच्या दहावीचं पुराण लावून परत फिरलो. घरी सगळे ठीक. अभ्यास चालू आहे, असं केयूरचं म्हणणं आहे. मी मात्र थकलोय. झोप होते, थकवा जात नाही.

आपल्या सशांच्या प्रयोगाबद्दल लिहायचं आहे. अर्ध्या सशांना नुसती भूल, अर्ध्यांना भुलीच्या जोडीला तुझ्या ॲक्युपंक्चरच्या सुया. मग शस्त्रक्रियेआधी पायाच्या बोटाला चिमटा घेऊन बघायचं. पाय ओढला तर भूल वाढवायची, नाही ओढला तर थोडी कमी करायची. चिमटा घेणाऱ्याला सुया कुणाला टोचल्यात ते कळू नये, म्हणून पाय कापडाने झाकायचे आणि बोटं तेवढी उघडी ठेवायची. सुया मी टोचणार, चिमटा माझी सहकारी करुणा घेणार, असं ठरलं होतं. पण करुणा बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि दुसरं माणूस मिळेना. दोन्ही कामं मीच केली. आपल्या शोधनिबंधात मात्र 'दोन व्यक्ती' असंच छापून आलंय.

ताई, सुयावाल्या सशांना मी चिमटा हळू घेत होतो.

ठरवून नाही गं. वीस वर्षं प्रत्येक लग्नात बाबा तुला 'गोधडी शिवणारी डॉक्टरीण' म्हणत आले आणि सगळे हसत आले. मीही हसलोय. ते कुठंतरी भरून काढायचं होतं. हात आपोआप सैल पडायचा, ससा पाय ओढायचा नाही, आणि मला तुझ्यासाठी आनंद व्हायचा. पिंजरे सांभाळणाऱ्या सारजाबाईंनी एकदा विचारलंही, "डॉक्टर, त्याला जोरात अन् ह्याला हळू, असं का हो?" मी ते हसण्यावारी नेलं.

सुयावाल्यांतल्या सातव्या सशाचं तुला कधी सांगितलं नाही. कापायला घेतलं आणि त्याने पाय ओढला. पुन्हा ओढला. सारजाबाई म्हणाल्या, "त्याला कळतंय की. पाय वढतोय बघा." मी म्हणालो, झोपेतली हालचाल आहे. "झोपंत व्हय?" असं म्हणून त्या बाहेर निघून गेल्या.

भूल वाढवली तर तो आकडा नोंदवावा लागणार होता. मी दोन मिनिटं तसंच कापत राहिलो. मग वाढवली, आणि नोंद केलीच नाही. मी जनावरांचा डॉक्टर आहे, ताई. त्याला दुखत होतं आणि मला ते माहीत होतं.

तो निबंध तू चौकटीत घालून दवाखान्यात लावलायस. रविवारी पुण्यात त्यावर बोलणार आहेस. आज सकाळी मी नियतकालिकाला आणि कॉलेजच्या समितीला कळवलं, की निबंध मागे घ्या, चूक माझ्या एकट्याची आहे. तुला आधी विचारलं नाही. तू रडली असतीस, तर माझ्याच्याने ते पाठवलं गेलं नसतं.

सुयांमुळे भूल कमी लागते का, मला खरंच माहीत नाही. लागतही असेल. पण तुझं म्हणणं खरं असलं तरी आता कुणी ऐकून घेणार नाही, आणि ते मी केलं. हे मला सगळ्यात जड जातंय.

रविवारी जाऊ नकोस. गेलीसच, तर हे पत्र तिथे वाचून दाखव, माझ्या नावासकट.

आशीर्वाद मागायची हिंमत होत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

श्रीधर