बाबांना आज ईसीजीला ने

सुगतदादा,

माझी प्रॅक्टिकल परीक्षा आहे म्हणून तू उठायच्या आधीच कॉलेजला निघाले. पोहे झाकून ठेवले आहेत, पण आधी हे वाच.

काल संध्याकाळी नेहमीसारखी सरावासाठी बाबांची नाडी पाहिली. ठोके मध्येच चुकत होते, मग घाईघाईने येत होते. दुसऱ्या हातालाही तसंच. बाबा हसले. "अजून शिकूनच राहिली ना तू, मोजायला चुकली असशील. चलो, पॅरामेडिक बाई, जेवायला वाढा." मीही माझंच चुकलं असेल म्हटलं आणि वाढायला उठले. सकाळी ते झोपेत असताना पुन्हा हात धरला. तसंच लागलं.

मी थांबायला हवं होतं. पण परीक्षा सोडली असती तर ते घाबरले असते.

आज त्यांना फॅक्टरीत जाऊ देऊ नकोस. राइट टाउनच्या डॉक्टरांकडे ने, स्कूटरवर नको, ऑटोने. नाडी अनियमित लागते एवढं डॉक्टरांना सांग. बाबांना मात्र सांग की यशोला अभ्यासासाठी एक ईसीजी हवा आहे. माझ्या अभ्यासाला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही. धाप लागली, छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं तर लगेच १०८ला फोन कर. आईला आत्ता काही बोलू नकोस.

परीक्षेत फोन बाहेर ठेवावा लागतो, तरी रिपोर्टचा फोटो पाठवून ठेव. सगळं नीट निघालं तर बाबा मला वर्षभर चिडवतील. चिडवू देत.

यशोधरा