तिला नसलेलं पाप

आई, तू गेल्याला बरीच वर्षं झाली, आणि मला अजून माझ्या मैत्रिणीचा राग येतो. मुरगूडहून कॉलेजला आलेली, होस्टेलवर राहणारी, दर रविवारी आपल्याकडे जेवायला यायची ती. राग म्हणते, पण खरं तर तो मत्सर आहे. इतकी वर्षं तो शब्द टाळला.

नव्वद सालानंतरचा एक रविवार मला सोडत नाही. मला पाळी आली होती, म्हणजे मी 'बाहेरची' झाले होते, म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पोत्यावर बसले होते, ताट-तांब्या वेगळा. त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीवर सावली पडली तरी पाप, असं तू सांगायचीस. ती आली, चपला काढल्या आणि सरळच म्हणाली, "काकू, माझीपण पाळी आलीया. आमच्यात पाळत न्हाईत. आत येऊ का हितंच बसू?" पीठ मळणारा तुझा हात थांबला. "का गं पाळत न्हाईसा?" "आमच्या आजीला लोक शिवून घ्यायची न्हाईत. बौद्ध झाल्यावर तिनं सांगितलं, आता आपल्या घरात शिवाशिव न्हाय, कसलीच न्हाय. आमच्यात खोटं बोलणं पाप, चोरी पाप." तू परात तिच्या बाजूला सरकवलीस. "मग तुला कशाचं पाप लागतंय? ये आत. भाकरी येती का थापायला?"

मी बाहेरून विचारलं, "आणि मला?"

"तुला लागतंय."

"का पण?"

"तू माझी हायस म्हणून."

शेजारची काकू दारात उभी होती. "काय वैनी, परकी चुलीपाशी आन् पोटची भाईर? उलटंच की!" "माझी चूल हाय, मी बघती," तू म्हणालीस. मग तू तिच्या हातावर हात ठेवून भाकरी फिरवायला शिकवते आहेस, तिची भाकरी फाटते आणि तू हसतेस, "नकाशा झाला की गं!" माझ्या फाटक्या भाकरीला तू कधी हसली नव्हतीस, पाठीत धपाटा द्यायचीस. तो नकाशा तू वरूनच माझ्या ताटात टाकलास, हात लागू न देता. मी तो खाल्ला नाही.

लग्न होऊन मी जयसिंगपूरला गेले. समोरच्या जैन घरात दिवस मावळल्यावर जेवणं पाप, कांदा-लसूण पाप, आणि आमच्याकडे रविवारी रश्श्याचा वास गल्लीभर. त्या बाई माझ्याशी गोड बोलायच्या, आमच्या मटणाचं पाप त्यांनी कधी आमच्या माथी मारलं नाही. तेव्हा मला तुझी आठवण यायची आणि पुन्हा तेच टोचायचं. जगात इतकी वेगवेगळी पापं, आणि माझ्या वाट्याला नेमकं तुझ्याजवळ बसण्याचं यावं?

तुझ्या शेवटच्या दिवशी मी एसटीनं आले तेव्हा ती तुझ्या उशाशी बसली होती. ऑफिसातून रजा काढून आलेली, चमच्यानं पाणी पाजत होती. तू मला बघितलंस. "ये की, बस." मी दारातच म्हणाले, "बाहेरची हाय मी." तू हात हलवलास. "आता कसलं काय? ये आत." ती उठून उभी राहिली, तिची जागा तिनं रिकामी केली. मी बाहेरच्या सोप्यात जाऊन बसले. दुपारी तू गेलीस. बायका मला जवळ घेऊन म्हणत होत्या, पोरीनं आईचं वळण शेवटपतूर पाळलं.

तिचा अजून फोन येतो. तुझा विषय काढते, मी दुसरंच काहीतरी बोलते. हा कागदही तिला दाखवणार नाही. आई, मी त्या दिवशी बाहेरची नव्हते. तिच्या हातून तू पाणी पीत होतीस, ते मला बघवलं नाही. मला वाटलं, तू अजून एकदा हाक मारशील.