एका फिगरवर तीन रेषा

३ मार्च, सकाळ
घरातल्या साखरेचा कारभार आजपासून माझ्याकडे. डॉक्टरांनी मला, बायको विमलला आणि धाकट्या भावाला, पंडितला, रोज उपाशीपोटी रक्तातली साखर तपासायला सांगितलंय. आकडे बघत बसणं जुन्या लोकांचं काम. मी पायथन शिकतोय, कॉम्प्युटरची भाषा. एक फिगर म्हणजे एक आलेख, त्यात तीन रेषा, आणि एकच लूप: तीच आज्ञा तिघांसाठी आपोआप फिरते.

५ मार्च
तीन वेगळ्या फिगर आल्या. फिगरची ओळ लूपच्या आत गेली होती. यूट्यूबवाल्याने नीट सांगितलं नव्हतं.

८ मार्च
जमलं. नावं मी टाकली: आधी मी, मग विमल, मग पंडित. घरात मोठा मी आहे. आकडे विमल भरते. पंडितला शनवारा चौकातलं दुकान उघडायचं असतं म्हणून आधी त्याचं बोट टोचते, मग माझं, शेवटी स्वतःचं. तिचं सगळं शेवटीच असतं.

२२ मार्च
विमलची रेष चढतेय. माझी सपाट. तिचं गोड बंद केलं. तिच्या वाटची मावा जलेबी मी खाल्ली, वाया कशाला घालवायची. ती म्हणाली, अहो, तुमचाच आकडा चढा येऊन राहिला. एका आकड्यावर जायचं नसतं, ट्रेंड बघायचा असतो, असं समजावलं.

११ एप्रिल
तहान फार. ऊनच तसं आहे. पँट सैल झाली. रोज चालण्याचा संकल्प लागू पडला. सोमवारपासून चालायला सुरुवात करणार.

२ मे
चपलेने डाव्या अंगठ्याला फोड. दुखत नाही, म्हणजे किरकोळ.
विमलची रेष फिगरच्या बाहेर गेली. वरची मर्यादा वाढवली. तिच्यामागे माझं कसं होईल, या विचाराने जेवण गेलं नाही. थोडा शिरा खाल्ला.

१९ मे
अंगठा काळा पडलाय. पंडित म्हणतो वास येतो. त्याला कशाचाही वास येतो. दवाखान्यात चला म्हणून विमल रडली. मी तिला धीर दिला. म्हटलं, तुझा आजार वेळेत सापडलाय.

२४ मे, हॉस्पिटल
काल चक्कर येऊन पडलो. पंडितची निशा कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, तिने लॅपटॉप बघितला. म्हणाली, लूप पहिल्या नावाला पहिले आकडे जोडतो, दुसऱ्याला दुसरे. पहिले आकडे तिच्या पप्पांचे होते. दुसरे माझे.
चढती रेष माझी आहे.
उद्या अंगठा काढणार. विमलला म्हटलं, भीती वाटतेय. ती म्हणाली, तिला मार्चपासून वाटतेय.