पेमाबाईचा भाग

डोंगरकडा,
जानेवारी २००६

प्रिय पुजा,

'प्रिय' लिहिताना हात अडला. पण लहानपणापासून तुला दुसरं काही लिहिलेलं नाही, म्हणून तेच राहू दिलं.

तुझ्या मालिकेतला हॅलोविनचा भाग लोकांना कसा वाटला ते सविस्तर लिहून पाठव, असं तू फोनवर दोनदा म्हणालीस. चांगलं-वाईट सगळं लिही, इथं प्रेक्षकांची पत्रं मीटिंगमध्ये वाचतात, असंही म्हणालीस. एसटीडी बूथवर माझ्या मागं माणसं ताटकळत होती, म्हणून मी नुसतं हो हो केलं आणि फोन ठेवला. आता लिहिते. मीटिंगमध्ये वाचायचं असेल तर खुशाल वाच, फक्त मधलं काही गाळू नकोस.

तांड्यानं तुझ्या मालिकेवर किती जीव लावला होता हे तुला माहीत नाही असं नाही. 'उंबऱ्याबाहेर' सुरू झाल्यापासून सोमवारी तुमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. लेकीनं पाठवलेला रंगीत टीव्ही म्हणून तुझी याडी तो दारात आणून ठेवायची. भुताचा हात खिडकीतून आला की बाया ओढणी तोंडावर घ्यायच्या आणि फटीतून बघायच्या. लोडशेडिंग झालं की वीजवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरायच्या. शेवटी नावं सरकायला लागली की कुणी उठायचं नाही. तांड्याचे प्रमुख नेमसिंग नायक, त्यांना वाचता येत नाही, पण 'लेखन' या शब्दाखाली तुझं नाव कसं दिसतं ते त्यांनी ओळखून ठेवलं होतं. ते आलं की काठी आपटायचे आणि म्हणायचे, आली आपली पोरगी. तुझे चाहते बघायचे असते तर ते त्या अंगणात होते.

मग दिवाळीच्या तोंडावर तुझा फोन आला. तिकडं परदेशात पोरं सोंगं घेऊन दारोदार हिंडतात, चॅनेलला आपल्याकडचं तसं काही हवं होतं, आणि मला एकदम आपला मेरा आठवला, असं तू हसत सांगितलंस. कल्पना सगळी माझी, वरच्यांनी एक ओळसुद्धा बदलली नाही, हेही सांगितलंस. मला आनंद झाला, पुजा. वाटलं, आपल्या पोरी, आपले दिवे आता सगळ्या मुलखाला दिसणार. मी घरोघर निरोप दिला. त्या दिवशी अंगणात जेवढी माणसं होती, त्यातली निम्मी मी बोलावलेली होती.

तुझ्या मीटिंगवाल्यांना मेरा म्हणजे काय ते ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. दिवाळीच्या अमावास्येला दिवेलागणीच्या वेळी लग्न न झालेल्या पोरी नवा फेटिया म्हणजे घागरा आणि काचांची कांचळी म्हणजे चोळी घालून, हातात दिवा घेऊन, गाणी म्हणत तांड्यातल्या घरोघर जातात. त्या घराचं भलं मागतात. बस, एवढंच. आपल्या तांड्याच्या पोरी तिथून खाली डोंगरकडा गावात उतरून ओळखीच्या घरांनाही दिवा दाखवतात. गावातली माणसं वाट बघायची, पोरींच्या हातावर लाडू ठेवायची. आपण दोघी गेलो आहोत, तू पुढं आणि मी मागं, आणि आपल्या सगळ्यांच्या पुढं पेमाबाई.

पेमाबाईविषयीही त्यांना सांग. लहानपणी हळद शिजवताना कढईतलं उकळतं पाणी अंगावर आलं आणि तिचा डावा गाल आणि मान भाजली. ठरलेली सोयरीक मोडली, दुसरी आली नाही. लग्न झालं नाही म्हणून केस पिकले तरी मेऱ्यात दिवा धरायचा हक्क तिचा राहिला, आणि तिनं तो दुःखानं नाही, हौसेनं घेतला. तांड्यातल्या प्रत्येक पोरीला गाणी तिनं शिकवली. तुझी सोयरीक दहावीच्या आधीच ठरत होती, तेव्हा नायकांच्या समोर जाऊन बसली कोण? तुझे बा ऐकेनात, तरी ती उठेना. माझं झालं न्हाई ते झालं न्हाई, हिला शिकू द्या, असं म्हणत दुपारभर बसून राहिली. तू औरंगाबादला नाटक शिकायला निघालीस तेव्हा तुझी ट्रंक डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत तीच आली होती.

आता भागाचं. सुरुवातीला डोंगर दिसला, दिवे उतरताना दिसले, तशा पोरी ओरडल्या. फेटिया बराबर होता, कांचळी बराबर होती, चाल आपलीच होती. पेमाबाई मागं भिंतीला टेकून दुसऱ्या दिवसाच्या वाती वळत होती. मग टीव्हीतल्या पोरी एका दारासमोर थांबल्या, दिवा उचलला, आणि त्या घरातलं लेकरू पाळण्यात निळं पडलं. दुसऱ्या दारी दिवा, दुसरं लेकरू. मग सगळ्यांच्या पुढं असलेल्या बाईनं घुंगट वर केला. पिकलेले केस, डावा गाल जळलेला.

तेव्हा टीव्हीकडं कुणी बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना मागं वळल्या होत्या. पेमाबाईनं ओढणी गालावर ओढून घेतली आणि वाती वळत राहिली. तुझ्या याडीनं उठून टीव्हीची पिन काढली. तुझं नाव त्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अमावास्या, पण निम्म्या आयांनी मेऱ्याला पोरी पाठवल्या नाहीत. माझी थोरली गेली, म्हणून मीही पाठोपाठ गेले. तांड्यात कसंबसं पार पडलं. खाली डोंगरकड्यात मात्र आम्ही गल्लीत शिरलो तशी दारं लागत गेली. आत टीव्हीचे आवाज, दाराला आतून कडी. पेमाबाई प्रत्येक दारासमोर थांबली, गाणं पुरं म्हटलं, मग पुढं गेली. तू ज्या किराणावाल्यांच्या घरी जास्तीचा लाडू मागायचीस, त्यांचा नातू तापानं फणफणलेला होता. पेमाबाईला ते कळलं होतं, म्हणून तिथं ती जास्त वेळ उभी राहिली. दार उघडलं, म्हातारी बाहेर आली आणि तिनं बादलीभर पाणी दिव्यावर फेकलं. "माझं लेकरू न्यायला आली का ग?" म्हणाली. कुणीतरी 'चेटकीण' ओरडलं. दगड आला तो भिंतीवर लागला, पुढचा पेमाबाईच्या खांद्यावर. पोरी पळाल्या. ती नाही पळाली. विझलेला दिवा हातात धरून भिजलेली उभी राहिली. शेवटी पलीकडून बांगड्यांच्या दुकानातून गौसियाचाची धावत आल्या, तिला हाताला धरून आत नेलं, अंग पुसलं, कोरडे कपडे दिले. लतीफचाचा दारात खुर्ची टाकून बसले. दरवर्षीसारख्या पोरींना बांगड्या भरायच्या म्हणून त्यांनी काढून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

तुझ्या चाहत्यांच्या प्रतिक्रिया म्हणतेस त्या तिथून पुढच्या. गिरणीवर दळण घेऊन गेले तर बाया बोलत होत्या की तांड्याच्या बायांत असलं असतंच, उगीच का टीव्हीवर दाखवतील. हिंगोलीच्या गाडीत कॉलेजची पोरं पेमाबाईला बघून गाण्याची चाल धरून शिट्ट्या मारत होती, त्यांना मात्र भाग फार आवडला होता. माझ्या अंगणवाडीतली लेकरं गालाला कोळसा फासून एकमेकांच्या मागं धावतात. केबलवाल्याकडं तोच भाग पुन्हा लावा म्हणून माणसं येतात. आपल्या तांड्यातले लोक तुझ्यावर चिडले, पण तू मुंबईत. मग ते तुझ्या याडीवर चिडले. हापशावर तिच्याशी बोलणं बंद झालं. नेमसिंग नायक तुमच्या दारावरून जाताना काठी आपटत नाहीत, मान फिरवून जातात. तिनं टीव्हीवर फडकं टाकून ठेवलं आहे.

किराणावाल्यांचा नातू नांदेडच्या दवाखान्यात नेला, सलाईन लावलं, बरा होऊन आला. मला वाटलं, चला, आता तरी तोंडं बंद होतील. तर म्हणायला लागले, वेळेवर दिव्यावर पाणी टाकलं म्हणून वाचला. तू लिहितेस ना गोष्टी? मग मला सांग, आता त्या बाईनं काय केलं म्हणजे ती सुटेल.

मार्गशीर्षात पेमाबाईच्या पुतणीला बघायला हट्टा गावाकडच्या तांड्यातून पाहुणे आले. पेमाबाई पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं, आणि हेच घर का ते, असं विचारून पाणी न पिता उठला. बाबूसिंग तिचा सख्खा भाऊ. त्यानंच दोन दिवसांनी तिचं अंथरूण शेतातल्या आखाड्यावरच्या छपरात नेऊन ठेवलं. तिथंही सुख नाही. कापूस वेचायला येणाऱ्या बाया म्हणाल्या, ती तिथं असेल तर आम्ही त्या वावरात येत नाही. मी तिला माझ्या घरी चल म्हटलं. माझ्या लेकीला पाहुणे यायचेत पुढं, म्हणून तिनंच नाही म्हटलं. तुझ्या याडीनंही तिला नेलं होतं, हात धरून नेलं होतं. पण तुझ्या वहिनीला सातवा महिना आहे. तिनं दारात हात जोडले. पेमाबाई म्हणाली, तिची काय चूक, आणि परत आखाड्यावर गेली. शेवटी तुझ्या घरानंसुद्धा, पुजा.

आणि मागच्या आठवड्यात तुझा फोन. दुसरा भाग येतोय, जळक्या गालाच्या बाईला प्रेक्षकांची फार मागणी आहे, होळीच्या सुमाराला दाखवणार. तू इतकी खुशीत होतीस की मला मधे बोलताच येईना. मग आवाज खाली करून विचारलंस, पेमाबाईला काही कळलं नाही ना ग? त्या क्षणापर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते. म्हणत होते, घाईत लिहिलं असेल, मेकअपवाल्यांनी गाल जाळला असेल, तिच्या ध्यानातही आलं नसेल. तू ते एक वाक्य विचारलंस आणि माझ्याकडं तुझ्या बाजूनं बोलण्यासारखं काही उरलं नाही. तुला सगळं ठाऊक होतं. लिहिताना ती तुझ्या डोळ्यांसमोर होती. मुंबईत भीती विकत घ्यायला माणसं बसली असतील, पण तू इथून उचलून नेलेली बाई इथंच राहते, हे तुझ्या मनात एकदाही आलं नाही का? आलं असेल, तर ते जास्त वाईट.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. परवा नायकांच्या ओट्यावर पेमाबाईचं काय करायचं याची बैठक झाली. बाबूसिंग मान खाली घालून होता. तुझी याडी होती, मी होते. नायकांनी पेमाबाईलाच विचारलं, तुला कुठं जावंसं वाटतं. ती म्हणाली, "पुजाकडं जाते. ती मला दार लावणार न्हाई." मी म्हटलं, बाई, तो भाग पुजाच्याच मालिकेतला होता. तर म्हणाली, "म्हाईत हाय मला. ते तिच्या सायबानं लिवलं असंल. लेकरू नोकरी करून राहिलं, तिचं काय चालतंय तिथं? तिला काहून तकलीफ द्यायची." तुझी याडी रडायला लागली, पेमाबाईला वाटलं आपण जाणार म्हणून रडते, आणि तिनं उठून तिचे डोळे पुसले. कल्पना सगळी तुझी होती, हे तिथं मला एकटीला ठाऊक होतं. मी ते सांगितलं नाही. तुला वाचवायला म्हणून नाही. तिच्याकडं जाण्याजोगं एकच दार उरलं आहे, ते मला माझ्या तोंडानं बंद करवेना. लतीफचाचांची लेक कुर्ल्याला दिली आहे. चाचा-चाची तिच्याकडं निघालेत, ते पेमाबाईला तुझ्या घरापर्यंत आणून सोडतील. आपण मुंबईला पुजाला मदत करायला जातो आहोत, असं ती सगळ्यांना सांगते. आल्यावर तिला खरं काय ते तू सांग, तुझ्या तोंडानं, आणि ऐकून ती निघायला लागली तर तिला जाऊ देऊ नकोस. नांदेडहून गाडी रविवारी निघते. सोमवारी कामावर जाऊ नकोस, सकाळपासून घरी राहा.

अजूनपर्यंत तुझीच,
रीता